‘नाही होणार’ म्हणणाऱ्यांचं ऋण

बांधकामाच्या क्षेत्रात मला जे थोडंफार कळतं, त्यातला मोठा वाटा दोन माणसांचा आहे. एक आमच्या प्रकल्पावरच्या मॅडम. त्या मालकाच्या बाजूने काम बघणाऱ्या प्रोजेक्ट मॅनेजर होत्या. दुसरे अण्णा, अक्कलकोटकडचे. इलेक्ट्रिकल सब-काँट्रॅक्टरचे सुपरवायझर. दोघांनाही आपलं नाव छापून आलेलं आवडणार नाही, म्हणून नावं देत नाही. पण आज एखाद्या साइटवर नव्या मुलांना मी काही समजावून सांगतो आणि ती वहीत उतरवून घेतात, तेव्हा हे मूळचं कोणाचं, हे मनात असतंच. ते एकदा कागदावर यावं म्हणून हा लेख.

त्यांनी मला जे शिकवलं ते थोडक्यात असं: साइटवरची माणसं एकमेकांना धरून किती काम करतात हे मोजता येतं, आणि त्याचा इमारतीच्या वेळेवर, खर्चावर, दर्जावर काय परिणाम होतो हेही बऱ्याच अंशी मोजता येतं. मी हे शिकण्याआधी ‘टीमवर्क’ हा शब्द साइटच्या फाटकावरच्या फलकावर वाचला होता. हेल्मेट घाला, बेल्ट लावा, टीमने काम करा. पहिल्या दोन गोष्टी कोणी पाळतो की नाही हे बघायला सेफ्टी ऑफिसर होता. तिसरी बघायला कोणी नव्हतं, आणि ती बघण्यासारखी गोष्ट आहे हेच मला माहीत नव्हतं.

मी कराडला सिव्हिल शिकलो आणि पुण्यात प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून लागलो. आमचं काम म्हणजे क्रिटिकल पाथ काढायचा, बार चार्ट बनवायचा, दर आठवड्याला प्रगतीचा अहवाल वर पाठवायचा. क्रिटिकल पाथची पद्धत अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाली आणि ती उत्तम आहे. कुठलं काम कुठल्या कामावर अवलंबून आहे, कुठे ढिलाई चालेल आणि कुठे नाही, हे तिच्यासारखं दुसरं काही दाखवत नाही. पण मी त्या चार्टकडे हुकूम म्हणून बघायचो. चार्टमध्ये शुक्रवार लिहिला आहे तर शुक्रवारी झालं पाहिजे. नाही झालं, तर अहवालात कारणाचा रकाना होताच. त्यात मी तीनच गोष्टी आलटून पालटून लिहायचो: लेबर कमी, पाऊस, ड्रॉइंग उशिरा. ती कारणं खरी आहेत की नाहीत हे तपासायला मी स्लॅबवर चढलो असेन असं आठवत नाही.

शनिवारी संध्याकाळी आढावा बैठक व्हायची. साइट ऑफिसच्या पत्र्याखाली लांब टेबल. आम्ही इंजिनिअर मंडळी बसलेली, सब-काँट्रॅक्टरचे सुपरवायझर भिंतीला टेकून उभे. आमचे वरिष्ठ साहेब एकेकाला विचारायचे, “स्लॅब अमुक तारखेला जाईल ना?” आणि उत्तर यायचं, “जाईल साहेब.” हे ‘जाईल’ मी लिहून घ्यायचो. पुढच्या शनिवारी तेच काम, तोच प्रश्न, तेच उत्तर. ‘जाईल’ म्हटल्याशिवाय तिथून सुटका नाही हे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बसलेल्यांपैकी कोणाला ठाऊक होतं, ते मला सांगता येणार नाही.

मॅडम आल्या त्या पावसाळ्याच्या तोंडावर. इमारत निम्म्याच्या वर उठली होती आणि वेळापत्रकाच्या बरीच मागे होती. पहिल्या बैठकीत त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या बैठकीत त्यांनी एकच गोष्ट विचारली. “मागच्या शनिवारी या आठवड्यात पुरी होतील म्हणून आपण कोणती कामं ठरवली होती? त्यातली किती पुरी झाली?”

माझ्यासमोर अहवाल होता. इमारतीचं किती टक्के काम झालं, किती बिल झालं, किती घनमीटर काँक्रीट गेलं, सगळं त्यात होतं. त्यांनी विचारलेलं मात्र कुठेच नव्हतं. त्यांनी माझी वही मागून घेतली, मागचं पान उघडलं आणि पेन्सिलने एकेका ओळीसमोर खूण करत गेल्या. ठरलेल्या कामांपैकी निम्मीही पुरी झाली नव्हती. काही कामं ‘जवळजवळ झाली’ होती. त्यांना त्यांनी शून्य दिलं. मी म्हटलं, “मॅडम, हे नव्वद टक्के झालंय.” त्या म्हणाल्या, “नव्वद टक्क्यांवर पुढचा माणूस काम सुरू करू शकतो का? नाही ना? मग त्याच्यासाठी हे झालेलं नाही.”

या हिशेबाला आमच्या क्षेत्रात पीपीसी म्हणतात, म्हणजे ठरवलेल्यापैकी पुऱ्या झालेल्या कामांची टक्केवारी. आठवड्याला वीस कामं ठरली आणि अकरा पुरी झाली, तर ५५ टक्के. यापेक्षा सोपं गणित नाही. ग्लेन बॅलर्ड आणि ग्रेगरी हॉवेल या दोन अमेरिकनांनी १९९० च्या दशकात ते रूढ केलं आणि त्याभोवती ‘लास्ट प्लॅनर’ नावाची पद्धत उभी केली. १९९७ मध्ये त्यांनी लीन कन्स्ट्रक्शन इन्स्टिट्यूट काढली आणि २००० मध्ये बॅलर्ड यांनी याच पद्धतीवर बर्मिंगहॅम विद्यापीठात पीएचडीचा प्रबंध दिला. सुरुवातीला त्यांनी अमेरिकेतल्या साइट्स मोजल्या तेव्हा तिथेही आठवड्याच्या ठरलेल्या कामांपैकी निम्म्याहून थोडीच जास्त पुरी होत होती. हे मी पुढे वाचलं. त्या संध्याकाळी मला एवढंच कळलं की इतके महिने मी जे मोजत होतो त्यात माणसं कुठेच नव्हती. किती काँक्रीट ओतलं ते मी मोजत होतो. एकाने दुसऱ्याला दिलेला शब्द किती वेळा पाळला गेला, हे मोजायचं मला सुचलंच नव्हतं.

‘लास्ट प्लॅनर’ म्हणजे योजनेच्या साखळीतला शेवटचा माणूस, ज्याच्या खाली आता फक्त हात आहेत. फिटिंगचा मुकादम, सेंट्रिंगचा मिस्त्री, अण्णांसारखा सुपरवायझर. वरचे लोक ‘व्हायला हवं’ ते सांगतात. ‘होऊ शकतं’ की नाही हे या शेवटच्या माणसाला कळतं, आणि ‘होईल’ हा शब्द त्यानेच द्यायचा असतो. त्याला ‘होणार नाही’ म्हणायची मोकळीक नसेल तर त्याच्या ‘होईल’ला काही किंमत नाही. सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. बाकी सहा आठवड्यांचा पुढचा अंदाज, अडचणींची यादी, भिंतीवरच्या रंगीत चिठ्ठ्या, ही तिची हत्यारं.

मॅडमनी पहिलं काय केलं असेल, तर भिंतीला टेकून उभ्या असलेल्यांसाठी खुर्च्या आणवल्या. मग टेबल काढून टाकलं आणि सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. प्रत्येक ट्रेडला वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या. प्लंबिंग निळी, लोखंड लाल, इलेक्ट्रिकल पिवळी. आपलं काम आपण लिहायचं, आपल्या हाताने चिकटवायचं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं मी लिहून द्यायचो. चिकटवायचे मात्र ते स्वतः.

त्या आठवड्यात सातव्या मजल्याचा स्लॅब शनिवारी ओतायचा होता. तयार काँक्रीटची (आरएमसीची) गाडी सांगून झाली होती. सेंट्रिंग बुधवारी तयार, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत खालची जाळी पुरी. अण्णांनी पिवळी चिठ्ठी शुक्रवारवर लावली: कंड्युट आणि फॅन बॉक्स. मॅडमनी विचारलं, “होईल?” अण्णा सवयीने म्हणाले, “होईल ताई.” एरवी पुढच्या चिठ्ठीकडे वळलो असतो. मॅडम थांबल्या. “कसं होईल ते सांगा. मला समजून घ्यायचंय.”

ज्यांनी स्लॅब बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. विजेच्या तारांच्या पीव्हीसी नळ्या, म्हणजे कंड्युट, स्लॅबमध्ये दोन जाळ्यांच्या मध्ये जातात. खालची सळई बांधून झाली की त्यावर नळ्या, आणि नळ्या झाल्या की वरची सळई. इलेक्ट्रिशियनला मिळणारा वेळ म्हणजे या दोन्हींच्या मधली फट. लोखंड बांधणाऱ्या फिटर लोकांनी वरची जाळी आधीच बांधून टाकली, तर इलेक्ट्रिशियन पहारीने सळया उचलून खाली नळी सरकवतात. त्यात बांधलेल्या तारा सुटतात, वरची जाळी पेलणारी चेअर वाकते, सळईभोवतीचं काँक्रीटचं कव्हर जातं. चेकिंगला आलेला इंजिनिअर पोअर कार्डवर, म्हणजे काँक्रीट ओतायच्या परवानगीवर, सही देत नाही. घाईत नळी दबली तर स्लॅब भरल्यावर कळतं, आणि मग छताला खालून झिरी मारावी लागते. पक्क्या काँक्रीटमध्ये झिरी मारणं म्हणजे पैसे, धूळ, आणि आत सळईला धक्का लागण्याची भीती.

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “ताई, खरं सांगू का? नाही होणार. खालची जाळी शुक्रवारी संध्याकाळी संपते. वरची लगेच सुरू होते. मला मध्ये दोन तास मिळतात. दोन तासांत अख्ख्या मजल्याचं कंड्युट होत नाही. आजपर्यंत कधीच झालं नाही.”

पत्र्याखाली शांतता पसरली. साहेबांचा चेहरा बदललेला मी पाहिला. तेवढ्यात लोखंडाचा मुकादम, जो एरवी तोंड उघडायचा नाही, उठून भिंतीशी गेला आणि आपली लाल चिठ्ठी काढून दोन तुकडे केले. “पूर्वेकडची बाजू मी गुरुवारी दुपारी मोकळी करून देतो. अण्णा, तुम्ही तिकडून सुरू करा. पश्चिमेची शुक्रवारी सकाळी. वरची जाळी मी तुमच्या मागून बांधत येतो.” अण्णांनी पिवळी चिठ्ठी फाडून दोन केल्या. मॅडमनी मला विचारलं, “तुमच्या चार्टमध्ये बसतं का?” बसत होतं. चार्टमध्ये स्लॅबचं लोखंड ही एकच पट्टी होती. तिचे दोन भाग करता येतात हे मला माहीत नव्हतं, कारण मी कधी कोणाला विचारलं नव्हतं. हे दोघं मात्र सहा मजले एकमेकांच्या मागे-पुढे काम करत आले होते, आणि समोरासमोर बसवून त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

तो स्लॅब शनिवारी गेला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पुढच्या आठवड्यापासून अण्णा बैठकीच्या आधीच येऊन मला सांगू लागले की अमुक फॅन बॉक्स आले नाहीत, तमुक फ्लॅटच्या बदललेल्या पॉइंटचं ड्रॉइंग मिळालेलं नाही. मी कारणाचा रकाना नव्याने भरायला लागलो. काम का राहिलं हे आता मी ज्याचं राहिलं त्याला विचारून लिहायचो. काही आठवड्यांनी मॅडमनी ती कारणं वेगवेगळी मोजायला लावली. ‘लेबर कमी’ हे कारण खाली गेलं. वर आल्या त्या तीन गोष्टी: आधीच्या माणसाचं काम पुरं नव्हतं, माल आला नव्हता, निर्णय आला नव्हता. त्यातला निर्णय बहुतेक वेळा आमच्याच टेबलावर अडलेला होता. कामगार आळशी असतात असं ज्या सहजतेने मी मानत आलो होतो, ती सहजता त्या तक्त्याने माझ्याकडून कायमची काढून घेतली. हे ऋण मला सगळ्यात मोठं वाटतं.

आकडा हळूहळू सुधारला, आणि मग तो आमच्या हेड ऑफिसच्या डोळ्यांत भरला. तिथून पत्र आलं की ज्या सब-काँट्रॅक्टरचा पीपीसी ठरावीक टक्क्यांच्या खाली जाईल, त्याच्या चालू कामाच्या (आरए) बिलातून रक्कम कापावी. महिन्याभरात सगळ्यांचे आकडे नव्वदच्या वर गेले. मला आनंद झाला. स्लॅबला लागणारे दिवस मात्र होते तेवढेच राहिले. एका संध्याकाळी मॅडमनी भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, “चिठ्ठ्या किती राहिल्यात बघितल्या?” खरंच कमी झाल्या होत्या. जे हमखास होणार तेवढंच लोक लिहीत होते. अण्णांनीही. “बिल कापणार म्हटल्यावर मी काय करू, साहेब?” असं त्यांनी मला विचारलं, आणि मला उत्तर नव्हतं. मॅडम स्वतः हेड ऑफिसला जाऊन आल्या, ते पत्र मागे घेतलं गेलं. त्यांनी तिथे काय सांगितलं हे मला नंतर कळलं: ज्या दिवसापासून या आकड्यावर पैसे कापाल, त्या दिवसापासून हा आकडा खोटा समजा. चिठ्ठ्या पुन्हा वाढायला मात्र बरेच आठवडे लागले. एकदा शिक्षा करून बघितल्यावर विश्वास परत यायला किती वेळ लागतो, हेही मोजता येतं. ते मी त्या भिंतीवर मोजलं.

मॅडमच्याच आग्रहामुळे मी नोकरी सांभाळून एमटेकला नाव घातलं आणि प्रबंधासाठी हाच विषय घेतला. तिथे मला आणखी काही उपकारकर्ते भेटले, बहुतेक पुस्तकांतून. ब्रिटनमध्ये १९९४ साली सर मायकेल लॅथम यांनी सरकार आणि बांधकाम उद्योग या दोघांसाठी एक अहवाल लिहिला. त्याचं नावच ‘कन्स्ट्रक्टिंग द टीम’. मालक, आर्किटेक्ट, ठेकेदार एकमेकांचे वैरी होऊन काम करतात आणि त्याची किंमत इमारत मोजते, हे त्यांनी सरळ मांडलं. चार वर्षांनी, १९९८ मध्ये, सर जॉन ईगन यांचा अहवाल आला. त्याने आकडे घालून दिले: खर्च आणि वेळ दरवर्षी १० टक्क्यांनी कमी, दोष आणि अपघात दरवर्षी २० टक्क्यांनी कमी. अमेरिकेत एरिक लार्सन यांनी १९९५ मध्ये २८० प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे मालक आणि ठेकेदार सुरुवातीपासून भागीदारीच्या भावनेने वागले, ते प्रकल्प भांडत झालेल्या प्रकल्पांपेक्षा वरचढ ठरले होते. कॉन्चार आणि सान्विडो या दोघांनी १९९८ मध्ये ३५१ इमारतींचा हिशेब मांडला. डिझाइन करणारा आणि बांधणारा एकाच कराराखाली असेल, तर डिझाइनपासून ताब्यापर्यंतचा वेग ३३ टक्क्यांनी जास्त निघाला, खर्च सुमारे ६ टक्क्यांनी कमी.

हे सगळं वाचून मी उत्साहाने एक प्रश्नावली तयार केली. ‘टीममध्ये परस्पर विश्वास आहे’, ‘माहिती वेळेवर मिळते’, ‘अडचणी एकत्र बसून सोडवल्या जातात’. प्रत्येकासमोर एक ते पाच. दुसऱ्या बाजूला वेळ, खर्च, दर्जा, सुरक्षा. मग दोन्हींचा संबंध काढायचा. जगभर या विषयावरचे बरेच अभ्यास असेच होतात.

माझ्या मार्गदर्शक सरांनी प्रश्नावली वाचली आणि विचारलं, “ही कधी भरून घेणार?” मी म्हटलं, प्रकल्प संपल्यावर. ते म्हणाले, “इमारत वेळेत झाली की सगळ्यांना आपली टीम छान होती असंच वाटतं. रखडली की सगळ्यांना आधीपासूनची भांडणं आठवतात. मग तू सहकार्य मोजलंस की आनंद?” हा प्रश्न लार्सन यांच्या प्रश्नावल्यांनाही लागू पडतो, आणि म्हणूनच अशा अभ्यासांचा निष्कर्ष मान्य करूनही तो कारण म्हणून सांगताना मी जपून असतो. सरांनी मला काम चालू असताना, निकाल कोणालाच माहीत नसताना, दर महिन्याला मोजायला लावलं. आधी सहकार्य मोजायचं, मग पुढच्या महिन्यांत वेळ आणि फेरकाम काय झालं ते बघायचं. कारण आधी, परिणाम नंतर. एवढी साधी गोष्ट, पण तिने माझा सगळा प्रबंध बदलला.

प्रश्नावलीच्या बाबतीत उरलेलं काम अण्णांनी केलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी बाजूला बसून मराठीतून विचारत होतो. ते प्रत्येक प्रश्नाला “चार लिहा” म्हणाले. मी विचारलं, सगळीकडे चार कसे? त्यांनी शांतपणे समजावलं, “पाच लिहिलं तर लाडीगोडी वाटते. तीन लिहिलं तर तक्रार होते. वर जाणारा कागद असेल तर माणूस चारच लिहितो, साहेब.” मग थोडं थांबून म्हणाले, “तुम्हाला खरंच बघायचं असेल, तर मी अडचण सांगितल्यापासून ती सुटेपर्यंत किती दिवस लागतात ते मोजा. ते माझ्या हातात नाही, तुमच्या हातात आहे.”

त्यांच्या या वाक्यावर माझ्या प्रबंधाचा अर्धा भाग उभा आहे. मतं विचारण्याऐवजी मी वागणूक मोजायला लागलो. अडचण कोणी सांगितली, काम सुरू व्हायच्या किती आधी सांगितली, सुटायला किती दिवस लागले. ड्रॉइंगबद्दल विचारलेल्या शंकेचं उत्तर किती दिवसांनी आलं. एकाच्या कामामुळे दुसऱ्याला पुन्हा करावं लागलेलं काम किती. यातला प्रत्येक आकडा साइटच्या रजिस्टरमधूनच निघतो, कोणाला फॉर्म भरायला लागत नाही. आणि या सगळ्यांत मला सर्वांत बोलका वाटला तो पहिला: शेवटच्या माणसाने आपणहून, वेळेआधी सांगितलेल्या अडचणींची संख्या. ती वाढत असेल तर साइट सुधारते आहे, मग त्या आठवड्याचा पीपीसी खाली का असेना. ज्या साइटवर कोणीच काही अडचण सांगत नाही, तिथे मला आता काळजी वाटते.

२०१८ मध्ये चेन्नईला आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने लीन कन्स्ट्रक्शनच्या आंतरराष्ट्रीय गटाची वार्षिक परिषद झाली. १९९३ पासून ती दरवर्षी कुठल्या ना कुठल्या देशात भरते. मॅडमनी मला आग्रहाने पाठवलं. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो. परदेशांतल्या अभ्यासकांचे तक्ते माझ्या तक्त्यांपेक्षा कितीतरी नेटके होते. कारणांचे रकाने मात्र तेच होते: आधीचं काम, माल, निर्णय. तिथून परत येताना अण्णांबद्दलचा आदर वाढलेला होता, एवढं नक्की आठवतं.

सहकार्याची हद्द कुठे आखायची, हा एक प्रश्न मला नंतर बराच काळ छळत राहिला. हीथ्रो विमानतळाचं पाचवं टर्मिनल या बाबतीत नेहमी सांगितलं जातं. मालकाने जोखीम स्वतःकडे घेतली, ठेकेदारांना एकमेकांवर खटले भरण्याऐवजी एकत्र तोडगा काढायला लावणारा करार केला, आणि सुमारे ४.३ अब्ज पौंडांचं ते टर्मिनल २७ मार्च २००८ या ठरल्या दिवशी खुलं झालं. बांधकामाच्या दृष्टीने हे यश मोठंच होतं. पण पहिल्याच दिवशी सामानाची व्यवस्था कोलमडली आणि पुढच्या दिवसांत शेकडो उड्डाणं रद्द झाली. विमानतळ चालवणारे आणि विमान कंपनी यांच्यातला संवाद कमी पडला, असं ब्रिटिश संसदेच्या समितीने म्हटलं. बांधणाऱ्यांनी एकमेकांना धरून काम केलं होतं. वापरणारे त्या वर्तुळाच्या बाहेर राहिले होते. आमच्या इमारतीतही अण्णा पहिल्यापासून म्हणत होते की पुढे जो वायरमन ही इमारत सांभाळणार आहे, त्याला ताब्याच्या आधी एकदा बोलवा, मीटर रूममध्ये उभं राहून हात कुठे पोचतो ते त्याला बघू द्या. ते आम्ही केलं. मीटर रूमचं दार उघडण्याची बाजू बदलावी लागली. रंगाच्या आधी बदलली म्हणून त्याचा खर्च नगण्य होता.

मॅडम आता दुसऱ्या शहरात आहेत. कधी फोन केला तर पहिला प्रश्न तोच असतो: मागच्या आठवड्यात काय ठरलं होतं, काय झालं? अण्णांचे गुडघे जिन्यांनी गेले. त्यांनी काम सोडलं आणि गावी गेले. त्यांच्या मुलाने आयटीआय केलं आहे, सोलापुरात वायरिंगची कामं घेतो. प्रबंधाच्या सुरुवातीला आभारांच्या पानावर मी अण्णांचं नाव घातलं आहे, सरांच्या नावाच्या लगेच खाली. त्यांना ते दाखवलं तेव्हा त्यांनी पान उलटून आतले तक्ते बघितले आणि विचारलं, “यातलं खरं किती उतरलं, साहेब?” मी सांगितलं की ज्या महिन्यांत अडचणी लवकर सुटल्या, त्यांच्या पुढच्या महिन्यांत फेरकाम कमी झालं, हे आमच्या साइटवर ठळक दिसलं. पण एका इमारतीवरून सगळ्या इमारतींबद्दल बोलता येणार नाही. “बरोबर आहे,” ते म्हणाले.

माझ्यासारखी प्लॅनिंगची कामं करणारी तरुण मंडळी हे वाचत असतील, तर त्यांच्याकडे एक विनंती आहे. ती पाळायला पैसे लागत नाहीत, सॉफ्टवेअर लागत नाही, वरची परवानगीही लागत नाही. येत्या शनिवारच्या बैठकीत सब-काँट्रॅक्टरच्या सुपरवायझरला बसायला खुर्ची द्या. सगळ्यांत आधी त्याला बोलू द्या. तो ‘नाही होणार’ म्हणाला, तर का ते विचारा, तारखेसकट वहीत लिहून ठेवा, आणि ती अडचण किती दिवसांत सुटली ते त्याच ओळीत पुढे लिहा. त्यावरून त्याचं बिल मात्र कापू नका.